शिवलं

त्या राज्यात नदी एकच होती आणि ती अरुंद होती. इतकी अरुंद, की दोन होड्या शेजारी शेजारी घातल्या तर वल्ह्यांत वल्ही अडकायची आणि दोन्ही होड्या जागच्या जागी फिरत बसायच्या. नदीकाठी नऊ पाठशाळा होत्या आणि नऊ घाट होते. पहिला घाट झऱ्याच्या तोंडाशी होता. तिथलं पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ. पहिल्या पाठशाळेनं त्यात तोंड धुतलं की ते दुसऱ्या घाटावर यायचं, दुसरीची अंघोळ उरकली की तिसऱ्यावर. नवव्या घाटाला पोचेपर्यंत त्या पाण्यानं आठ पाठशाळांचं सगळं पाहून घेतलेलं असायचं, आणि ते प्यायचं कसं हा प्रश्न नवव्या घाटाचा होता.

कोणी कोणत्या घाटावर राहायचं हे वर्षातून एकदा शर्यतीनं ठरे. शेजारून पुढे निघून जायला नदीत जागाच नव्हती, म्हणून होड्या एकीमागे एक, मध्ये दीड होडीचं अंतर ठेवून उभ्या करत. नगारा वाजला की प्रत्येकीनं पुढचीला गाठायचं आणि शिवायचं. वल्ह्यानं वल्ह्याला, टोकानं बुडाला, पंजानं शेपटीला, कशानंही चालत असे. शिवलं की शिवलं. शिवलेली पाठशाळा एक घाट खाली जाई आणि शिवणारी एक घाट वर चढे. पहिली होडी वरच्या पुलाखाली पोचली की घंटा होई. घंटेनंतर कोणी कोणाला कितीही शिवलं तरी त्याला काही अर्थ नसे.

निवाडा करायला एक पाणकावळा होता. तो खांबावर पंख पसरून बसायचा आणि शिवाशिवी झाली की ओरडायचा. त्याचा न्याय चोख आहे असं पहिल्या चार घाटांवर सगळेच म्हणत. त्याचे मासे पहिल्या घाटावरून येत, पण त्याचा न्यायाशी काडीचाही संबंध नाही, हे तो स्वतःच न विचारता सांगत असे.

सातव्या घाटावर मुंगसं होती, आठव्यावर खारी, नवव्यावर घुशी. हे केव्हापासून होतं ते कोणाला आठवत नव्हतं. सातव्या घाटावर जायचं स्वप्न खारींना क्वचित पडे. नवव्या घाटावर जायचं मात्र दर चार रात्रींनी पडे, आणि मग अख्खं झाड दचकून जागं होई.

खारींच्या होडीत सहा जणी वल्हवायला आणि एक जण सुकाणूला. वल्हवणाऱ्यांचं तोंड नेहमी मागे. होडी जाते एकीकडे आणि आपण बघतो दुसरीकडे, हा त्या खेळाचा नियमच होता आणि त्यात कोणाला काही चमत्कारिक वाटत नसे. पण खारींच्या शेपट्या झुबकेदार, त्यामुळे पाच जणींना आपल्या पुढ्यातल्या शेपटीपलीकडे काही दिसत नसे. अगदी शेवटच्या, सुकाणूवाल्यासमोरच्या जागेवर जी बसे तिलाच काय ते मागचं पाणी मोकळं दिसायचं. त्या जागेला मागची नजर म्हणत. सुकाणूवाल्याला म्हणत पुढची नजर. मागची होडी किती अंतरावर आली हे तिनं त्याला सांगायचं, पुढची किती अंतरावर राहिली हे त्यानं तिला सांगायचं, आणि दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा.

यंदा मागची नजर होती टिचकी. पुढची नजर झुपकेआबा, जे गेली अठरा वर्षं सुकाणू धरून होते आणि ज्यांनी टिचकीच्या हातात पहिलं वल्हं दिलं होतं. टिचकीला तीन पिल्लं झाली होती. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते. नवव्या घाटाच्या पाण्यानं पिल्लांची पोटं फुगतात आणि ती उन्हाळा काढत नाहीत, असं सगळ्या खारी सांगत. तिथं स्वतः कोणी गेलेलं नव्हतं, पण म्हणून सांगायचं थोडंच थांबतं. सकाळी निघताना टिचकीनं तिन्ही पिल्लांना चाटून काढलं आणि ती ढोलीतून बाहेर पडली.

त्या राज्यात शिवणे या शब्दाला दुसराही अर्थ होता, आणि त्याचीही भीती कमी नव्हती. शर्यतीला प्रत्येक पाठशाळा बंड्या घाली आणि प्रत्येक बंडीच्या पाठीवर एक तोंड शिवलेलं असे: वटारलेले डोळे, विचकलेले दात, लाल जीभ. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, म्हणजे पुढच्या होडीला मागच्यांची पाठच दिसते. ती पाठ बघूनच पुढच्यांच्या हातातली ताकद जावी, हा हेतू. खारींनी घुशींना पाहिलं होतं ते असं, वर्षातून एकदा, पाठीकडून. त्या पाठीवरचं तोंड हेच घुशींचं तोंड, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत होती. घुशी मोठ्या, काळ्या, आणि शिवल्या की तो वास सात पावसाळे जात नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

नगारा वाजला.

"किती, पोरी?" आबांनी विचारलं.

"दीड, आबा." हे खरं होतं.

पहिल्या वळणापर्यंत अंतर दीडच राहिलं. मग टिचकीच्या लक्षात आलं की घुशींची वल्ही पाण्यात पडताना आवाजच करत नाहीत. त्यांनी होडीचा तळही मेणानं घोटला असावा, कारण ती पाणी कापत नव्हती, पाण्यावरून सरकत होती. आबांच्या खांद्यावरून ती सहा शिवलेली तोंडं एकदम पुढे झुकत, एकदम मागे येत, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी होऊन येत.

"किती?"

"एक."

"पुढची मुंगसं आलीच बघा हाताशी!" आबा ओरडले. "दहा वल्ही मारा, दहाच!"

दहा झाली. आणखी दहा झाली. चौथ्यांदा "दहाच" ऐकल्यावर टिचकीला कळून चुकलं की मुंगसांची होडी कधीच दिसेनाशी झालेली आहे आणि आबा आपल्याला हाकण्यासाठी बोलताहेत. तिला त्यांचा राग आला नाही. तीही तेच करणार होती.

कारण आता अंतर अर्धी होडी उरलं होतं. "अर्धी" हा शब्द तिच्या तोंडात आला आणि तिथंच थांबला. दोन वर्षांपूर्वी मागच्या नजरेनं "अर्धी" म्हटलं होतं आणि तो शब्द ऐकून पाच जणींचे हात असे गारठले होते की सहा वल्ही सहा तऱ्हांनी पडली होती. घंटा वेळेवर झाली म्हणून निभावलं.

"किती, पोरी? लवकर सांग!"

"एकच आहे, आबा," टिचकी म्हणाली. "एकच."

पुढे उंबराचं वळण होतं. तिथं नदी सगळ्यात अरुंद होई आणि पाणी खोल, ओढीचं. मागे एक होडीचं अंतर आहे म्हटल्यावर आबांनी नेहमीसारखं सावकाश, बाहेरून वळण घेतलं. तेवढ्यात टिचकीला समोर दुसरं काही दिसेनासं झालं, फक्त ते एक तोंड दिसत होतं. इतकं जवळ, की त्यावरचे टाके मोजता आले असते. एक डोळा काळ्या दोऱ्यानं शिवला होता आणि दुसरा अर्ध्यातून तपकिरी दोऱ्यानं. काळा बहुधा संपला असावा. एवढ्या भीतीत आपल्याला हे का दिसतंय, असं तिला वाटलं. आणि मग ती किंचाळली.

आबांनी मागे वळून पाहिलं. पुढच्या नजरेनं मागे पाहायचं नसतं, पण त्यांनी पाहिलं, आणि घाबरून होता नव्हता तेवढा जोर लावून सुकाणू आत ओढलं. होडीचं टोक उंबराच्या मुळांत घुसलं. ती एका अंगावर झाली, पाणी आत आलं आणि सगळ्या पाण्यात पडल्या. घुशींच्या होडीचा धक्का लागला नव्हता. कोणी कोणाला शिवलं नव्हतं.

पाच जणींना मुळं सापडली. त्या त्यांना धरून लोंबकळत राहिल्या. टिचकी आणि आबा मात्र ओढीत सापडून नदीच्या मध्यावर गेले. दोघांच्या मध्ये एक वल्हं तरंगत होतं आणि ते दोघांचं वजन पेलत नव्हतं. भिजलेली बंडी पाठीवरच्या सगळ्या जाड दोऱ्यांसकट टिचकीला खाली खेचत होती. तिला पिल्लांशिवाय काही आठवेना.

"वल्हं तू धर," आबा म्हणाले. "पिल्लं लहान आहेत तुझी. मी पोहेन."

त्यांना पोहता येत नव्हतं. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी वल्हं सोडलं आणि शेपटी पाण्यावर आपटत राहिले.

काठावर आठव्या घाटाच्या खारी धावत आल्या होत्या. काठावरचा जीव पाण्यात उतरला तर शर्यत गेली, असा नियम होता. म्हणून त्या दरडीच्या कडेला थांबून ओरडत होत्या. "तरंगत राहा! पहिली होडी पुलाला आलीये! होईलच घंटा!"

खारींची होडी मुळांत घुसून काठाला लागल्यानं जेमतेम वाट झाली होती, तिथून घुशींची होडी हळूच पुढे सरकली. सगळ्या घुशींनी वल्ही वर उचलून धरली होती, उलटलेल्या होडीला चुकूनही लागू नयेत म्हणून. होडी पुढे गेली आणि टिचकीनं त्यांना जन्मात पहिल्यांदा समोरून पाहिलं. दात विचकलेले नव्हते. धापा टाकून त्यांची तोंडं उघडी पडली होती, मिशा ओल्या होत्या आणि डोळे भेदरलेले होते. त्या ज्या दिशेला इतका वेळ बघत वल्हवत होत्या तिकडे टिचकीनं मान वळवली. तिथं नुसतं गढूळ पाणी होतं आणि त्यावर कोणीच नव्हतं.

शेवटच्या जागेवरची घूस वाकली आणि तिनं हात पुढे केला.

"हात देऊ नको!" काठ ओरडला. "शिवायला आलीये ती! टिचके, हात देऊ नको!"

"घंटेला वेळ आहे अजून," घूस म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "पहिल्या होडीचं एक वळण राहिलंय. हात दे गं."

"शिवशील तू," टिचकी म्हणाली. तिच्या तोंडात पाणी जात होतं.

घुशीनं हात तिथंच थांबवला, टिचकीच्या पंजापासून बोटभर अंतरावर. "बरं," ती म्हणाली. "मग तू शीव."

कोणीही कोणाला शिवलं तरी घाट खारींचाच जाणार होता, म्हणून टिचकीनं घंटेची वाट पाहिली. एकदा खाली गेली, वर आली आणि तेव्हाही घंटा झाली नव्हती. आठवा घाट, झाड, ढोली आणि त्यातली तीन बंद डोळ्यांची पिल्लं, हे सगळं एका बाजूला होतं आणि तो हात दुसऱ्या बाजूला. पण मेलेल्या आईची पिल्लं आठव्या घाटावर तरी कशी जगणार होती? तिनं डोळे मिटले आणि हात धरला.

तो हात ऊबदार होता. बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते, वल्ह्याचे, आणि ते तिच्या चार घट्ट्यांवर नेमके बसले. वास आला तो पाण्याचा, जो तिला स्वतःलाही येत होता.

"शिवलं!" पाणकावळा खांबावरून ओरडला. काठावर आकांत झाला. पलीकडच्या काठावर नवव्या घाटाच्या घुशी उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

घुशीनं टिचकीला होडीच्या कडेपर्यंत ओढून घेतलं. टिचकीनं मागे पाहिलं. आबा दोन हातांवर होते, त्यांचं फक्त नाक आणि डोळे पाण्याबाहेर होते. तिनं काखेतलं वल्हं सोडून दिलं, ते ओढीनं वाहत गेलं, आणि मोकळा झालेला हात तिनं ताणता येईल तेवढा मागे ताणला.

"आबा, हात द्या! आबा!"

हात आबांच्या नाकासमोर पोचला. आबांचा पंजा पाण्यातून वर आला. त्यांनी तिच्या त्या हाताकडे पाहिलं. मग घुशीच्या हातात असलेल्या तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. आणि त्यांनी आपला पंजा पाण्याखाली ओढून घेतला.