हौसाक्काची गाठ

“मग खत कमी पडलं, का पाणी?”

दौलू उभ्याउभ्याच विचारत होता. बसायची त्याला सवय नव्हती.

अमीनबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून तुटलेली वहाण शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बोला की, बाबा. तीन गाड्या शेणखत टाकलं. सकाळ-संध्याकाळ पाणी देतोय. चारी बाजूंनी जाळी मारली, पुरुषभर उंच. अख्ख्या गावात असं परडं कुणाचं नाही. आणि वेलाला नवं फूल धरत नाही! कोंबड्यांनी अंडी बंद केली. एकसुद्धा नाही.”

“बरं…”

“बरं काय? अक्का होती तेव्हा याच परड्यात रोज पाटीभर भाजी निघायची. तेव्हा कुठली जाळी नि कुठलं खत! माझंच काय चुकतंय?”

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

हौसाक्काला जाऊन पन्नास दिवस झाले होते. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. आई गेली तेव्हा दौलू सहा वर्षांचा होता. नवऱ्यामागं माहेरी परतलेल्या या थोरल्या बहिणीनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. चौथीत त्यानं शाळा सोडली तेव्हा चार रट्टे दिले, आणि त्याच हातानं वाढलंही. आता तिचं म्हणून एवढंच उरलं होतं. घरामागचं परडं, पाच कोंबड्या आणि एक कोंबडा.

तेही मरायला टेकलं होतं. ते मेलं की मग तिचं काहीच राहणार नव्हतं.

“ताईत असला तर द्या,” दौलू म्हणाला. आवाज चिरकला म्हणून तो उगाच ओरडून बोलला, “नाहीतर तुम्हालाही काही येत नाही म्हणून सांगा! मी चाललो.”

बाबांनी वहाण पायात घालून बघितली.

“भूक लागलीय,” ते म्हणाले. “तुझ्या घरी भाकरी आहे का?”

…

दौलूनं भाकरी वाढली. जरा करपली होती. सोबत तिखटाचा गोळा.

बाबांनी ताटाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“कोरडीच?”

“आहे ते आहे.”

“तुझी अक्का दर गुरुवारी मला भाकरी धाडायची. फडक्यात बांधून. परड्यातलं काही ना काही असायचंच सोबत. कधी दोडका, कधी भेंडी. काही नसलं तर लाल माठाची चार पानं.”

“परड्यातलं मी तोडत नाही.”

बाबांचा हात थांबला.

“काहीच?”

“काहीच नाही. तिच्या हातचं आहे ते.”

बाबांनी तिखट लावून भाकरी खाल्ली. शेवटचा तुकडा राखला, खिशात टाकला आणि मागच्या दाराकडं निघाले.

…

दार उघडलं आणि बाबा उंबऱ्यातच थबकले.

परडंभर चिंध्या फडफडत होत्या.

मांडवावरच्या प्रत्येक दोडक्याला चिंधी. भेंडीच्या प्रत्येक बोंडाला चिंधी. घेवड्याच्या शेंगांच्या घोसाघोसाला चिंधी. सगळ्या एकाच जुन्या मोरपंखी लुगड्याच्या.

त्या गावात चिंधीचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक असतो. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ बियाला राखायचं, त्याला चिंधी बांधायची. मग त्याला कुणी हात लावत नाही. ते वेलावरच जून होतं, वाळतं, आणि पुढच्या वर्षी त्याचं बी पेरायचं. एका वेलाला एक चिंधी. फार तर दोन.



“माझ्या दर्ग्यातल्या चिंचेवरसुद्धा एवढे नवस बांधलेले नाहीत,” बाबा म्हणाले.

दौलू हसला नाही.

“आजारी पडायच्या आधी चार दिवस अक्कानं एका दोडक्याला चिंधी बांधली होती. म्हटली, हा बियाला. कुणाला तोडू देऊ नकोस… मग ती गेली. मग मला वाटलं…” तो अडखळला. “कुणीच काही तोडू नये. म्हणून तिच्या त्याच लुगड्याच्या चिंध्या केल्या. सगळ्यांना बांधल्या.”

दोडके काठीसारखे टणक झाले होते. भेंडी बोटभर जाड, तडकलेली. पानांना अळ्यांनी चाळणीसारखी भोकं पाडली होती. कोपऱ्यात खुराड्यात सहाही पाखरं एकमेकांना टोचत बसली होती.

“ह्यांना का कोंडलंस?”

“उकरतात! तिनं खुरपलेले वाफे आहेत. एकदा सोडल्या तर अर्ध्या घटकेत सगळं विस्कटतील.”

“ती सोडत नव्हती?”

“सोडायची. रोपं लहान असली की बोरीच्या काट्या लावायची आजूबाजूला. मोठी झाली की दुपारभर मोकळ्या.” दौलू चिडला. “पण ती होती तेव्हा! तेव्हा वेगळं होतं!”

बाबा खुराड्यापाशी गेले आणि त्यांनी खिट्टी काढली.

“बाबा!”

पाखरं आधी बाहेरच येईनात. मग ठिपक्यांची कोंबडी मान काढून बघू लागली. मग ती धडपडत बाहेर आली, आणि तिच्यामागं सगळी. पंख झाडत, धूळ उडवत, थेट दोडक्याच्या मांडवाखाली.

दौलूनं काठी उचलली.

“कोंबड्या कोंडल्यास,” बाबा शांतपणे म्हणाले, “आणि अळ्या मोकळ्या सोडल्यास.”

काठी हातातच राहिली. ठिपक्यांच्या कोंबडीनं पानाखालची लठ्ठ हिरवी अळी ओढून काढली आणि मान वर करून गिळली. मग दुसरी.

“दौल्या…”

“काय?”

“अक्कानं बांधलेला दोडका दाखव मला.”

दौलू तावातावानं मांडवाकडं गेला. हात वर केला. एका दोडक्यापाशी नेला, मग शेजारच्या. मग पलीकडच्या.

सगळे सारखेच जून. सगळ्या चिंध्या एकाच लुगड्याच्या, एकाच उन्हात विटलेल्या.

त्याचा हात खाली आला.

“इथंच होता…” तो म्हणाला. “ह्या अंगाला… बाबा, इथंच होता हो!”

तो मटकन खाली बसला. पन्नास दिवस जे जपलं, ते त्यानं स्वतःच्याच हातांनी हरवलं होतं.

बाबा त्याच्याजवळ बसले नाहीत. पाठीवर हातही ठेवला नाही. उभ्यानंच म्हणाले,

“तिची भाकरी यायची ना… फडक्याची गाठ मला कधी सुटली नाही. म्हातारी बोटं. चावून सोडवायचो.”

दौलूनं डोळे पुसले.

“ती डावरी होती,” तो म्हणाला. “तिची गाठ उलटी बसायची. शाळेत मीसुद्धा दातानं सोडवायचो. पोरं हसायची. म्हणायची, दौल्या फडकं खातोय, भाकरी दिली नाही का रे बहिणीनं…”

बोलता बोलता तो थांबला.

मग उठला.

पहिल्या दोडक्याची गाठ त्यानं ओढली. सर्रकन सुटली. त्याचीच होती. दोडका तोडून त्यानं खाली टाकला. दुसरी गाठ. सुटली. तिसरी… दहावी…

चिंध्यांचा ढीग होऊ लागला. भेंडीच्या सोडल्या, घेवड्याच्या सोडल्या. आता त्याचा हात थांबेना. घेवड्याच्या तडकलेल्या शेंगा, भेंडीची लाकडं, सगळं खाली येत होतं. जिथं वेल मोकळा झाला, तिथं कोंबड्या पायांनी पाला उधळून बघत होत्या.

जाळीपलीकडून सुंद्राकाकी डोकावली. शेजारीण. पंधरवड्यापूर्वी तिनं मूठभर घेवडा मागितला होता, तेव्हा दौलू तिच्यावर खेकसला होता.

“काय रे, दौल्या? आज काय अंग घासायला गावभर दोडके वाटणार म्हणायचा!”

मांडवाच्या आतल्या बाजूला, मोठ्या पानांखाली दौलूला काहीतरी मऊ लागलं होतं. त्यानं पानं बाजूला सारली. पानांआड उशिरा धरलेल्या फुलांचे तीन कोवळे दोडके. त्याच्या नजरेतून सुटलेले, म्हणून चिंधीतूनही सुटलेले. लुसलुशीत, हिरवेगार.

त्यानं ते तोडले. पन्नास दिवसांत त्या परड्यात पहिल्यांदाच कुणी कोवळं काही तोडलं.

मग तो जाळीकडं गेला. जाळी पुरुषभर उंच, हात पलीकडं पोचेना. इथंच पूर्वी शेराच्या कुंपणाची बुटकी झुडपं होती. हौसाक्का पलीकडं नुसता हात लांबवायची. दौलूनं क्षणभर जाळीकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या खांबाची तार सोडली आणि जाळी गुडघ्यापर्यंत दाबून वाकवली.

“घ्या, काकी.”

काकीनं पदर पुढं केला. काहीतरी खोचक बोलायचं होतं तिला, पण तोंडातून निघालं एवढंच,

“सगळे मला?… दोन पुरेत रे. एक तू ठेव. तिच्यासारखा शेंगदाण्याचं कूट घालून कर.”

…

ऊन कलायला लागलं तेव्हा मांडवाच्या मेढीलगत एकच चिंधी उरली होती.

दौलूनं ओढली. सुटली नाही.

त्यानं दोन्ही हात लावले. सुटली नाही.

नकळत त्यानं तोंड जवळ नेलं, दात लावले… आणि तसाच थांबला. दातांत लुगड्याचं मऊ सूत. नाकात वाळल्या वेलाचा वास.

गाठ त्यानं सोडवली नाही. देठ मोडला. दोडका चिंधीसकट हातात आला. तपकिरी, हलका. हलवला तर आत बी खुळखुळलं.

“अक्का…” तो म्हणाला.

हा शब्द त्यानं पन्नास दिवसांत रडून म्हटला होता, ओरडून म्हटला होता, भिंतीवर डोकं आपटून म्हटला होता. आज तो पोटभर जेवून उठल्यावर निघावा तसा निघाला.

बाबांनी हात पुढं केला. दौलूनं दोडका छातीशी धरला.

“हा मी घरात टांगणार. आढ्याला.”

बाबांचा हात तसाच पुढं.

“बी पडेल, बाबा. वाया जाईल.”

हात तसाच.

शेवटी दौलूनं दोडका दिला. बाबांनी तो उलटा धरून टोकाशी टिचकी मारली. वाळकं टोक झाकणासारखं उडालं आणि काळंभोर बी दौलूच्या ओंजळीत घळघळलं. ओंजळ भरली, तरी येतच राहिलं. एका दोडक्यात एवढं बी असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. चार-सहा दाणे बोटांच्या फटीतून निसटून खाली पडले.

ठिपक्यांची कोंबडी टपलेलीच होती. एक बी उचलून ती वाकवलेल्या जाळीवरून सरळ सुंद्राकाकीच्या परड्यात पळाली. बाकीच्या तिच्यामागं.

“अगं ए!” दौलू ओंजळ सावरत ओरडला. “बाबा, धरा तिला! अक्काचं बी गेलं!”

बाबांनी खिशातला भाकरीचा तुकडा कुस्करून कोंबड्यांसाठी वाफ्यात टाकला.

“जाऊ दे रे,” ते म्हणाले. “हौसानं कधी मोजून दिलं होतं?”