न झालेली खरूज

"झालेला आजार कुणीही दाखवील! न झालेला आणून दाखव!" रणबाजी महाराज गरजले. "उद्या तो दरबारात हजर झाला नाही, तर शाळेतले आरोग्याचे धडे बंद!"

हा हुकूम होता ठकूला. परिटाची ही लेक महाराजांच्याच फर्मानावरून तीन वर्षं शाळेतल्या पोरांना शिकवत होती. नखं कापा, एकमेकांचे कपडे घालू नका, अंगावरचे कपडे शाळेच्या अंगणातल्या तांब्याच्या हंड्यात उकळा. पूर्वी निम्मी शाळा खरजेनं खाजवत बसायची. आता औषधालासुद्धा खरजुलं पोर सापडत नव्हतं. आणि तेच तर नडलं! दिवाण त्रिंबकपंतांनी महाराजांचे कान भरले, "खरूजच नाही, तर धडे कशाला? त्यापेक्षा तो हंडा हत्तीच्या आंघोळीला घ्यावा."

"अहो दिवाणजी, धडे आहेत म्हणून खरूज नाही!" ठकू कळवळून म्हणाली.

"कशावरून? पुरावा दाखव!" असं म्हणत पंतांनी बोटांच्या बेचक्यात कराकरा खाजवलं.

ठकूनं ते पाहिलं. मग सेनापतींकडे पाहिलं, मग महाराजांकडे. आणि बाई चक्क हसली!

"आणते की! उद्या आजार हजर करते."

पोरीचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठकू शाळेतली चाळीस पोरं घेऊन दरबारात आली.

"आजार कुठाय?" पंतांनी विचारलं.

"येतोय, येतोय. जरा लाजरा आहे! तो यायला हवा तर सगळ्या दरबारानं या पोरांबरोबर दोन्ही हात वर धरायचे. पोरं बेचा पाढा म्हणतील. पाढा संपेपर्यंत हात खाली आणायचा नाही. महाराज, तुम्हांला जमेल ना?"

"जमेल ना म्हणजे? अगं, लढाईत आम्ही दिवसभर तलवार उगारून धरलीय!"

"मग प्रश्नच मिटला."

सगळ्यांचे हात वर गेले. "बे एके बे!" पोरं ओरडली.

"बे त्रिक सहा"ला पंतांचे खांदे उडू लागले. "बे पंचे दहा"ला सेनापती हळूच खांबाशी सरकले आणि म्हशीसारखी पाठ घासू लागले. महाराज मात्र दात आवळून बसले होते. डोळ्यांत पाणी आलं, मिशा थरथरल्या, पण राजा तो राजा! "बे नवे अठरा" झालं आणि मुकुट एकीकडे, राजदंड दुसरीकडे, महाराज दोन्ही हातांनी काखा ओरबाडू लागले! "अहाहाहा!" असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"बे दाहे वीस!" पोरांचे ऐंशी हात होते तिथेच होते.

हसायची कुणाची छाती होईना.

"घ्या महाराज," ठकू हात जोडून म्हणाली, "आमच्या शाळेत न झालेला आजार हजर आहे! आम्ही त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही, म्हणून तो इथे पाहुणचार झोडतोय. तुमचं फर्मान पोरं रोज पाळतात. दरबारात त्यावर नुसता शिक्का मारतात!"

"महाराजांचा अपमान!" पंत किंचाळले. पण महाराजांना आधी फिसकन हसू फुटलं, मग ते पोट धरधरून हसायला लागले.

"हरलो बाई! धडे चालू राहतील, हंडाही तुझाच! आणि पंत, हंड्याखालची लाकडं उद्यापासून तुम्ही फोडायची!" खुशीत येऊन त्यांनी अंगावरचा जरीचा शेला काढला आणि ठकूच्या खांद्यावर टाकायला पुढे केला.

ठकू टुणकन दोन पावलं मागे सरली.

"नको, नको! दिवाणजींना असाच अंगावरचा शेला दिलात ना? सेनापतींनाही असाच? अहो महाराज, मानाबरोबर खरूजही वाटलीत की! द्यायचाच तर कोरा द्या, नाहीतर हा आधी उकळून आणा!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की खाजवायचंसुद्धा विसरले. ठकूला कोरा शेला मिळाला, वर सोन्याचं कडं. पोरांसाठी टोपलीभर पेढे आले. ते स्वतःच्या हातानं वाटावेत म्हणून महाराजांनी टोपलीत हात घातला, तोच चाळीस पोरं एका सुरात ओरडली,

"महाराज, आधी हात धुवा!"