डग्ग्याची टिकली

गोल गोल पोट. मोठ्ठं तोंड. कोण बरं? डग्गा.

दस्तगीरचाचांच्या दुकानात तो तबल्याशेजारी बसायचा. तबला बारीक, डग्गा गुबगुबीत. दोघे मिळून वाजायचे.

एकदा उंदीर आला. कुरुम कुरुम. डग्ग्याच्या तोंडावरचं कातडं खाल्लं. कातड्यावरची काळी टिकलीही गेली.

शेजारी तबला तसाच. टिकली मधोमध, चकचकीत. डग्गा नुसता जळला. "त्याला टिकली, मला नाही. त्याची मधोमध. माझी होती, तीही कडेला. आता मला मधोमधच हवी."

निघाला तरातरा. गडगड गडगड.

वाटीत होती काळी शाई. "शाईताई, शाईताई, मला टिकली दे."

शाई म्हणाली, "मीच का आधी? कातड्याला काय सोनं लागलंय? आधी ते बसू दे."

गडगड गडगड. कोपऱ्यात होतं नवं कातडं. "कातडोबा, कातडोबा, शाई चिकटेना, मला टिकली मिळेना."

कातडं म्हणालं, "मीच का आधी? वादीला काय सोनं लागलंय? आधी ती ओढू दे."

गडगड गडगड. खुंटीवर होती वादी. वादी म्हणजे चामड्याची लांब दोरी. "वादीबाई, वादीबाई, कातडं बसेना, शाई चिकटेना, मला टिकली मिळेना."

वादी म्हणाली, "मीच का आधी? पाण्याला काय सोनं लागलंय? आधी ते भिजवू दे."

गडगड गडगड. बादलीत होतं पाणी. डुबुक डुबुक. "पाणोबा, पाणोबा, वादी ओढेना, कातडं बसेना, शाई चिकटेना, मला टिकली मिळेना."

पाणी म्हणालं, "मीच का आधी? चाचांना काय सोनं लागलंय? आधी ते उठू देत."

गडगड गडगड. चाचा हातोडीने तबला सुरात लावत होते. ठक ठक, ठक ठक. "चाचा, चाचा, पाणी भिजवेना, वादी ओढेना, कातडं बसेना, शाई चिकटेना, मला टिकली मिळेना."

चाचा म्हणाले, "थांब रे बाळा. हा तबला आज बोलतच नाही. आधी तो बोलू दे."

तबला? त्याच्याकडे जायचं? डग्ग्याने नाक मुरडलं. पण करतो काय? गेला हळूहळू. गड... गड... गड...

"तबलोबा, तबलोबा, तू बोलेनास, चाचा उठेनात, पाणी भिजवेना, वादी ओढेना, कातडं बसेना, शाई चिकटेना, मला टिकली मिळेना."

तबला मुसमुसला. "कसा बोलू? तू किती छान घुमायचास. घुम्म घुम्म. मला नाही येत तसं. मी रोज जळायचो तुझ्यावर. पण तू गप्प झालास आणि मला करमेना."

"तू जळायचास? माझ्यावर?"

"हो. तुझ्यावर."

"अरे, मी तर तुझ्यावर जळतोय."

तबला खुदकन हसला. त्याला त्याचा बोल फुटला. म्हणाला, "ना."

तबला बोलला, चाचा उठले. चाचा उठले, पाण्याने भिजवलं. पाण्याने भिजवलं, वादीने ओढलं. वादीने ओढलं, कातडं बसलं. कातडं बसलं, शाई चिकटली. चाचांनी ती दगडाने घासली. घस घस, घस घस. झाली टिकली.

पण कुठे? कडेला.

डग्गा फुगला. "पुन्हा कडेलाच?"

चाचा म्हणाले, "मधे माझा तळवा बसतो. तळवा दाबला की तू घुमतोस. आणि ही टिकली नाही रे, ही तीट आहे. बाळाच्या गालाला लावतात ना, कडेला? तुझं घुमणं ऐकून सगळे जळतात. दृष्ट नको लागायला."

डग्गा खूश झाला. तबला फुगला. "मग मलापण तीट हवी."

चाचा हसले. एक हात तबल्यावर, एक हात डग्ग्यावर.

तबला म्हणाला, "ना."

डग्गा म्हणाला, "घे."

आणि दोघे एकदम म्हणाले,

"धा!"