मोकळं टोक

त्या टेकडीवर राहणाऱ्या प्रत्येकाच्या पायात एक दोरा असे आणि त्याचं दुसरं टोक आणखी कुणाशी तरी बांधलेलं असे. पिल्लाचा दोरा आईला, आईचा आजीला, एकट्या म्हाताऱ्याचा शेजाऱ्याला. जेवण तयार झालं, कुणाला बरं वाटेनासं झालं, की दोरा ओढायचा. ओढ बसली की समोरचा येई.

टेकडीला एकच फाटक होतं. तिथं अंगभर काटे असलेला साळू बसे. तो नव्याने येणाऱ्याला दोनच गोष्टी विचारी. नाव काय, आणि दोरा कुणाला बांधू? ज्याचं नाव सांगितलं जाई त्याचा दोरा साळू स्वतः ओढून बघे. तो येऊन हो म्हणाला, तरच शेजारी बसलेली सुगरण चिमणी गाठ मारी. खुद्द साळूला मात्र दोरा नव्हता. काट्यांतून कोण बांधणार?

साळू फार कडक आहे, असं सगळे म्हणत. फार वर्षांपूर्वी त्यानं एका दमलेल्या सशाला काही न विचारता आत सोडलं होतं. ससा बिळात तापानं फणफणला आणि दोरा ओढत राहिला. दोऱ्याचं मोकळं टोक आठ दिवसांनी साळूला गवतात सापडलं, तेव्हा ओढणारं कुणी उरलं नव्हतं.

एका दुपारी फाटकाशी कोल्हा आला. "मुंगसांचा जावई," तो ऐटीत म्हणाला.

साळूनं मुंगसाचा दोरा ओढला. मुंगूस अर्धवट झोपेत धावत आलं.

"जावई? अहो, माझ्या लेकीनं अजून डोळे उघडले नाहीत!"

"मग मी जरा लवकर आलो," कोल्हा म्हणाला आणि शेपूट झटकून निघून गेला.

त्याच्या मागं एक टिटवी उभी होती. तिच्या पंखाखाली ठिपक्यांचं एक अंडं होतं.

"घर कुठं?" साळूनं विचारलं.

"नदीच्या वाळूत होतं. नदीनंच नेलं."

"अंड्याचा दोरा तुला बांधता येईल. तुझा कुणाला बांधू?"

टिटवीनं अंडं पंखाखाली आणखी ओढून घेतलं. ऊन उतरलं की फाटक बंद होई आणि बाहेरच्या माळावर घोरपडी अंडी शोधत हिंडत. सुगरण तिच्या कानाशी आली. "अगं, बगळ्यांचं नाव सांग. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. हो म्हणतात आणि विसरून जातात."

"मग ओढल्यावर कोण येणार?" टिटवी म्हणाली. "कुणी येणार नसेल तर दोरा कशाला?"

माळावरचं गवत एका जागी हललं. मग साळूनं दोरा उचलला, एक टोक टिटवीच्या पायात घातलं आणि दुसरं सुगरणीपुढं धरून तिच्याकडं पाठ केली.

"माझ्या सगळ्यात लांब काट्याला बांध."

"बाबा, काट्यावर गाठ टिकायची नाही."

"दोनदा मार."

गाठ बसली. साळूनं नेहमीसारखा दोरा ओढून बघितला आणि स्वतःच म्हणाला, "आलो." सुगरण हसत सुटली आणि हसत हसतच तिनं अंड्याचा दोरा टिटवीच्या पायाला बांधला. टिटवी अंडं घेऊन आत गेली आणि दोरा तिच्यामागं उलगडत गेला.

पुढं बरेच दिवस साळू फाटकावर बसून होता. एकदा भर दुपारी त्याचा लांब काटा हलला. वारा असेल, म्हणून तो तसाच बसला. काटा पुन्हा हलला. या वेळी ओढ अगदी हलकी होती, वेडीवाकडी. दूर कुठंतरी, टिटवीच्याही पलीकडं, अंड्याच्या दोऱ्याच्या टोकाशी, कुणीतरी पहिल्यांदाच पाय टाकून बघत असावं.

"आलो, आलो," साळू म्हणाला आणि गडबडीनं उठला.