भिंत कोणाची?

त्या देशात राज्य घरांचं होतं. माणसं येत, राहत, निघून जात; घरं मात्र जागच्या जागी असत. सर्वांत थोर होता राजप्रासाद, आणि त्याच्या कडेने सुरू होई ती जुनी आळी, घराला घर खेटलेलं. राजप्रासादाला टेकणाऱ्यांचा मनस्वी तिटकारा होता. जो टेकतो त्याला कणा नाही, असं तो म्हणे. आणि घुमटाखाली बोलल्यामुळे त्याचं म्हणणं त्याला स्वतःलाच फार थोर वाटे.

एके वर्षी त्याने हुकूम काढला: ज्या घराला स्वतःच्या चार भिंती नसतील, ते पाडावं. तपासणीला नेमलं ओळंब्याला. दोरीला लटकणारं हे पितळी वजन गवंड्यांच्या हाती वाढलेलं. जन्मात कधी वाकडं लोंबलेलं नाही, आणि त्याचा गर्वही तितकाच सरळ. तो भिंतीवर टकटक करी आणि विचारी, "भिंत कोणाची?" घराने "माझी" म्हणायचं. थापा मारायची सोय नव्हती. त्या देशात घर खोटं बोललं की त्याचा गिलावा गळून पडे.

हुकूम ऐकला आणि चिंचोळीचं धाबं दणाणलं. चिंचोळी हे आळीतलं सर्वांत अरुंद घर. एका बाजूला कमानकाकू, काळ्या दगडाची, आळीत सर्वांत जुनी. दुसऱ्या बाजूला सज्जेराव, रंगीत काचांचा आणि लोखंडी कठड्याचा नवश्रीमंत. पूर्वी या दोघांच्या मध्ये पावसाचं पाणी वाहायचं आणि मांजरं भांडायची. एका हुशार गवंड्याने त्या बोळाला पुढून एक भिंत घातली, मागून एक घातली, तुळयांची टोकं दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींत खुपसली आणि म्हणाला, झालं घर. म्हणजे स्वतःच्या भिंती दोनच. ही लाज झाकायला चिंचोळीने दारावर वेलबुट्टी कोरून घेतली होती. येणारेजाणारे दार बघत आणि पुढे जात. शेजाऱ्यांपासून काय झाकणार? कमानकाकू तर पहिल्या दिवसापासून कुरकुरत आली होती, "बयो, तुझ्या तुळया माझ्या बरगड्यांत रुततात गं."

ओळंबा आळीत शिरला तशी चिंचोळीने खिडक्या ओढून घेतल्या. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा शरम जास्त वाटत होती. इतकी वर्षं फुकट उभी राहिले, आता काकूच सांगणार आणि सगळ्या आळीदेखत सांगणार, हे तिने धरूनच चाललं होतं.

ओळंब्याने काकूच्या बाजूच्या भिंतीवर टकटक केली. "भिंत कोणाची?"

चिंचोळीला खोटं बोलवेना, खरं सांगवेना. काकूच्या त्या भिंतीला फार वर्षांपूर्वी पोक आलं होतं, आणि ती आजवर ढासळली नव्हती ती त्याच रुतणाऱ्या तुळयांमुळे. हे काकूने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. दुखतंय म्हणणं तिला सोपं गेलं होतं.

"आपली," काकू म्हणाली.

ओळंबा दोरीवर हलकेच डोलला. आपली म्हणजे साहेबांची, सरकारची, असंच त्याला वाटलं. इतक्या अदबीने त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्याने गिलाव्याकडे पाहिलं. कणही गळला नाही. सरकारची भिंत पाडायची कशी? तो चिंचोळी आणि सज्जेरावामधल्या भिंतीकडे वळला.

"माझी," सज्जेराव विचारायच्या आतच ठणकावून म्हणाला, आणि सज्ज्याखालचा हातभर गिलावा धप्पकन रस्त्यावर पडला. आतला मातीचा थर उघडा पडला, आणि ती भिंत चिंचोळीच्या तुळयांवर किती रेलली होती तेही. रंगीत काचांवर धूळ बसली. सज्जेरावाने खाली पाहिलं, खाकरला, आणि पुटपुटला, "आपली म्हणतो मी, आपली."

मग राहिली ती आळीची शेवटची भिंत, जिच्या एका बाजूला सज्जेरावाची फडताळं आणि दुसऱ्या बाजूला राजप्रासादाचा दरबार. ओळंब्याने सवयीने टकटक केली.

"कोण आहे?" पलीकडून आवाज आला, आणि तो घुमला.

ओळंब्याने आवाज ओळखला. पण नियम तो नियम. त्याने विचारलं, "महाराज, भिंत कोणाची?"

"माझ," एवढंच आलं, आणि दरबाराच्या छतावरून सोनेरी वर्खाचा पापुद्रा भिरभिरत खाली आल्याचं सगळ्या आळीने ऐकलं. काकूनेसुद्धा कुरकुर केली नाही.

"आपली," राजप्रासाद म्हणाला. घुमटाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

तो शब्द भिंतीभिंतींतून चिंचोळीपर्यंत पोचला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने खिडक्या उघडल्या. आत उजेड आला, आणि तिला एकदम रडू यावं तसं बरं वाटलं. "बयो," काकू म्हणाली, "आता ताठून उभी राहू नकोस. तुळया सैल सोडल्यास होय गं? मला इकडे ओढ बसते." चिंचोळी हसली आणि तुळया पुन्हा नीट रोवून उभी राहिली.

ओळंबा परत निघाला. राजप्रासादाच्या महाद्वारापाशी तो सवयीने क्षणभर लटकला. दोरी नेहमीसारखी सरळ होती. वर ती भिंतीला चिकटली होती. खाली तिच्यात आणि भिंतीत माणसाचा हात जाईल एवढी फट होती. राजप्रासाद कललेला होता, आळीच्या बाजूला, आणि भेगा इतक्या जुन्या होत्या की त्यांत पिंपळाची रोपं उगवली होती. ओळंब्याने इकडेतिकडे पाहिलं, हळूच दोरी गुंडाळली आणि चालू लागला.