परसातली पंगत

सद्गुरू निवांतनाथ महाराज त्या उन्हाळ्यात वडजळ गावी राहिले होते. गावाबाहेर कुंभारांचा मडकी भाजायचा जुना आवा होता, त्याच्या शेजारी शेवरीच्या झाडाखाली ते बसत. अंगावर एक वाकळ, जवळ एक करवंटी, बाकी प्रपंच नाही. कोणी काही विचारलं तर हसत. कोणी काही आणून दिलं तर अर्धं खात आणि उरलेलं झाडामागे नेऊन जमिनीवर नीट वाढून ठेवत. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही. महाराज त्या रिकाम्या जागेशी हळू आवाजात बोलत, ते ऐकून धीट माणूससुद्धा घराकडे पाय उचलायचा.

गावात दूधदुभतं म्हणावं असं देशमुखांच्याच घरी उरलं होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या, गरिबांच्या गाई आटल्या होत्या. देशमुखांच्या घरच्या कर्त्या भागीरथीबाई. हाताला चव, जिभेला धार आणि नाकाच्या शेंड्यावर राग! त्यांच्याकडे येसू नावाची विधवा ताक घुसळायला येई. लोणी काढून झालं की उरलेलं ताक येसूचं, हा त्या घराचा सासूच्या सासूपासूनचा रिवाज. आणि ताक विकायचं नाही, भांडं घेऊन जो दारी येईल त्याला द्यायचं, हा तर गावोगावचाच रिवाज.

त्या आंबट ताकाचं येसू काय करायची म्हणाल, तर काय नाही करायची! ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात ताक कालवायची. पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील करायची. शिळी भाकरी ताकात कुस्करून वर लसणाची चरचरीत फोडणी घालायची. मिरच्या ताकात भिजवून उन्हात वाळवायची. आणि कढी! मूठभर बेसन लावून, जिऱ्याची फोडणी देऊन, उकळी फुटू न देता ती अशी ढवळत बसायची, जणू पाळणाच हलवते आहे. हे सगळं ती महाराजांपाशी नेई आणि तिथे जमलेल्या भुकेल्या माणसांना वाढी.

पुढे देशमुखांच्या घरी सुनेचं डोहाळजेवण झालं. सून सगुणा, सातवा महिना. भागीरथीबाईंनी गावाला बासुंदी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या, बासुंदीची तारीफ ऐकायला कान टवकारून. तर ओट्यावर बायका बोलत होत्या येसूच्या कढीविषयी. बासुंदीचं नावसुद्धा नाही! भागीरथीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“ताक आमचं आणि नाव हिचं,” त्या घरी येऊन कडाडल्या. “उष्ट्या ताकाची कढी करते आणि अन्नपूर्णा म्हणून मिरवते. आणि तो वाकळवाला! भुताखेतांना जेवू घालतो म्हणे. येसू, आजपासून ताकाचा थेंब बाहेर जाणार नाही.”

येसू म्हणाली, “बरं, वैनीसाहेब. मला नगा देऊ. पन कुनालातरी द्या.”

“कुणाला नाही. ओतून टाक परसात.”

येसूचा हात थांबला. दिवेलागण होत होती. “वैनीसाहेब, तिन्हीसांजेला ताक भुईवर वतू नये वो. कुनी तान्हेलं आसतं. एकदा चव लागली की ते मागायला येतं.”

“कोण मागायला येतं? तुझे ते महाराज?” भागीरथीबाई हसल्या. त्यांनी येसूच्या हातून कळशी हिसकावली, परसात गेल्या आणि मोरीपलीकडच्या भेगाळलेल्या भुईवर सगळं ताक उपडं केलं.

उन्हानं तापलेली भुई, ती पाणी पिणारच. पण पिताना तिनं भुरका मारला! स्पष्ट, लांब भुरका, गरम कढी पिणारा माणूस मारतो तसा. मग शेजारून दुसरा. मग त्याच्या पलीकडून, जरा बारीक आवाजाचा, तिसरा. भागीरथीबाई कळशी धरून उभ्या राहिल्या. भेगा उन्हानं फुटतात, त्यात वारा शिरतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि त्या आत जाऊन दाराला कडी लावून बसल्या.

मागच्या दाराशी सगुणा बसली होती. तीही ऐकत होती.

भागीरथीबाई हट्टाच्या पक्क्या. रोज दिवेलागणीला स्वतः कळशी ओतू लागल्या. भुई रोज पिऊ लागली. सकाळी बघावं तर तिथली माती कोरडी ठणठणीत, आणि तिच्यावर बोटांनी निपटून घेतल्यासारख्या रेघा. ताट चाटूनपुसून घेतो ना आपण, तशा.

अशात सगुणेची भूक वाढली. पोटुशी बाई, खाणारच, म्हणून सासू आधी कौतुकानं वाढायची. पण पोरगी चार माणसांचं खाई आणि पुन्हा ताट पुढे करी. खाऊनखाऊन वाळत चालली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या, डोळे खोल गेले, पोटातलं बाळ हलेनासं झालं. देशमुखांनी वैद्य आणला. वैद्यानं नाडी धरली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “ही नाडी एकीची नाही,” एवढंच म्हणाला आणि दक्षिणा न घेता निघून गेला.

त्या दुपारी भागीरथीबाई सुनेला भरवत होत्या. सगुणा घास गिळत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“काय होतंय गं, बाळ?”

“आत्याबाई, मी नाही खात,” सगुणा कुजबुजली. “माझ्या हातानं ते खातात. माझ्या तोंडात काही उरतच नाही.”

“ते कोण?”

सगुणेनं परसदाराकडे बोट केलं. मग तिचा चेहरा बदलला, आणि तिच्याच तोंडून अनेक आवाज एकदम आले, म्हातारे, कोवळे, घोगरे. “वाढा,” ते म्हणाले.

भागीरथीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जिभेची धार कुठल्या कुठे गेली. तशाच अनवाणी, डोईवरचा पदर सांभाळायचंही भान नाही, अशा त्या आव्याकडे धावत सुटल्या. उन्हानं पाय पोळत होते. शेवरीखाली महाराज बसले होते आणि थोड्या अंतरावर येसू झाडत होती.

“महाराज, माझी सून वाचवा! तिच्या अंगात भुतं शिरली आहेत, त्यांना हाकला!”

महाराज म्हणाले, “बाई, बोलावलेल्या पाहुण्यांना हाकलायचं कसं?”

“मी कुठे बोलावलं?”

“रोज दिवेलागणीला पंगत मांडलीस की तू. या गावच्या भुईत कितीतरी जीव उपाशी निजले आहेत. वाटसरू, टाकलेली म्हातारी माणसं, दुष्काळातली लेकरं. आम्ही त्यांना घास घास देऊन निजवत होतो. तू त्यांना ताकाची चव दाखवलीस आणि वाढायच्या वेळी दार लावून घेतलंस. ती माणसं पानावर बसलेली आहेत, माय. पान वाढल्याशिवाय पाहुणा उठत नाही.”

“मी काय करू?”

“उद्या घरात असेल नसेल तेवढं ताक येसूला दे. ती रांधेल. भर दुपारी परसात पत्रावळी मांड आणि एकटीनं वाढ. रांधून झालं की येसूनं घरी जावं. तुझ्याशिवाय कोणाचा हात लागता कामा नये. आणि एक ध्यानात ठेव, पाहुणे आपणहून उठले पाहिजेत.”

दुसऱ्या दिवशी येसूनं देशमुखांच्या चुलीवर सगळं ताक रांधलं. कढी झाली, कण्या झाल्या, आंबील झाली, पिठाची उकड झाली. ताक ठेवायचे सगळे डेरे रिकामे झाले. येसू हात धुऊन मुकाट्यानं निघून गेली. घरातल्या पुरुषांना भागीरथीबाईंनी ओसरीवर बसवलं आणि परसदार उघडलं.

ऊन असं होतं की सावली पायाखालीच दडली होती. कावळा ओरडत नव्हता, पान हलत नव्हतं. भागीरथीबाईंनी पळसाच्या पत्रावळी ओळीनं मांडल्या. आतल्या खोलीतून सगुणेचा कण्हण्याचा आवाज येत होता. “वाढा... वाढा...”

त्यांनी पहिल्या पानावर कण्या वाढल्या आणि पुढे सरकल्या. मागे सहज नजर गेली, आणि त्यांचे पाय जागच्या जागी थिजले. कण्यांच्या ढिगात हळूहळू एक आळं पडत होतं. कढी वाहून जाऊ नये म्हणून आपण बोटांनी करतो ना, तसंच नेटकं आळं. मग दुसऱ्या पानावर पडलं. मग तिसऱ्या. साऱ्या ओळीत पाहुणे आळी करून कढीची वाट बघत बसले होते, आणि दिसत कोणी नव्हतं!

कशी वाढली असेल त्या बाईनं कढी, तिचं तिलाच ठाऊक. आळं भरलं की भुरका, भरलं की भुरका. पातेलं उपसलं जात होतं, पण तळ काही दिसत नव्हता. गुरुकृपेची कढी ती, आटेल कशी? ओळीच्या शेवटी एक पान होतं, तिथलं आळं मात्र अगदीच इवलं होतं, वेडंवाकडं, एका बाजूनं फुटलेलं. त्यात ओतलेली कढी वाहून मातीत जात होती.

भागीरथीबाई थबकल्या. भीती होतीच. पण हे कोणीतरी लेकरू आहे आणि त्याला आळं करता येत नाही, हे त्यांना दिसलं. त्या खाली बसल्या. स्वतःच्या हातानं कण्या कुस्करल्या, कढी कालवली, मऊ घास केले. “खा रे,” त्या म्हणाल्या. “सावकाश खा.” एकेक घास पानावरून दिसेनासा झाला.

पानं पुसून गेली. पण पाहुणे उठेनात. आतून हाक येतच होती, आता क्षीण, पोरीचा जीव जाता जाता यावी तशी. “वाढा...”

आता काय राहिलं? भागीरथीबाईंनी डोक्याला हात लावला आणि एकदम त्यांना उमगलं. शेवटचा भात ताकाचा असतो! कितीही पक्वान्नं वाढा, पानावर ताक पडल्याशिवाय कुठली पंगत उठली आहे? आणि ताक तर सगळं रांधून संपलेलं. घरात थेंब नव्हता. गावात दुसऱ्या कोणाकडे दुभतंच नव्हतं.

आधी नेलेल्यातलं काही येसूकडे उरलं असलं तर असलं, तेवढं एकच दार उरलं होतं. भागीरथीबाईंनी तांब्या घेतला, पदराआड लपवला आणि गल्लीबोळातून येसूच्या खोपटापाशी आल्या. येसू दाराशी शेंगा सोलत बसली होती.

“येसू, बरी आहेस ना?”

“बरी हाय, वैनीसाहेब.”

“ऊन फार आहे, नाही?”

“लई.” येसूची नजर पदराखालच्या फुगवट्यावर गेली. तिच्या डोळ्यांत हसू आलंच.

ज्या बाईनं उभ्या जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता, तिनं तांब्या बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. “येसू, माझ्या दारची पंगत अडली आहे गं. माझी सून जाते आहे. थोडं ताक देशील?”

येसू उठली. कोपऱ्यातलं गाडगं आणलं. “तुमच्याच घरचं हाय. शेवटच्या दिसाचं. रोज पानी घालून पुरवीत व्हते. लई आंबाटलंय, पन हाय.” आणि तिनं स्वतःसाठी घोटभरसुद्धा न ठेवता गाडगं तांब्यात रितं केलं.

ते नासकं म्हणावं असं ताक भागीरथीबाईंनी दागिना जपावा तसं जपत आणलं. एकेका पानावर धार धरली. तांब्या लहान, ओळ लांब, पण शेवटच्या पानापर्यंत धार तुटली नाही. मग त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चुकले. पोटभर झालं असेल तर उठा, मायबापांनो.”

पहिलं पान मिटलं. तृप्त झालेला माणूस आपल्याकडे दुमडून घेतो, तसं सावकाश मिटलं. त्याच्या शेजारचं मिटलं. चुळा भरल्याचे आवाज झाले, धोतरांची, लुगड्यांची सळसळ झाली, आणि अंगावरून एक थंड झुळूक नदीकडे निघून गेली. शेवटचं पान मात्र उघडंच राहिलं.

“वाढा,” आतून एकच बारीक आवाज आला.

“अरे, तुला पान मिटता येत नाही होय?” भागीरथीबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, ती लहानशी पत्रावळ स्वतःच्या हातांनी मिटली आणि तिच्यापुढे, त्याच परसातल्या मातीवर, कपाळ टेकलं. डोक्यावरून काहीतरी गार, ओलसर फिरलं आणि नाहीसं झालं.

आत सगुणा गाढ झोपली होती. तिच्या पोटावर हात ठेवला, तर बाळ हलत होतं. जागी झाली तेव्हा तिनं निम्मी भाकरी खाल्ली आणि म्हणाली, “पुरे, आत्याबाई, पोट भरलं.” ते शब्द ऐकून सासू हुंदके देऊन रडली.

संध्याकाळी भागीरथीबाई आव्याकडे गेल्या. सारा गाव तिथे जमला होता. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं तर महाराज पाय मागे घेत म्हणाले, “आमच्या पायांशी काय ठेवलंय? नमस्कार पोचला तुझा. तुला आशीर्वादही मिळाला आहे.” भागीरथीबाईंना ते कळलं नाही. त्या वळल्या आणि येसूपुढे वाकल्या, तसा डोईवरचा पदर खाली घसरला. येसू “आवं, वैनीसाहेब!” म्हणत त्यांना उठवायला पुढे झाली, पण तिचे हात मध्येच थांबले. भागीरथीबाईंच्या काळ्याभोर केसांवर, भांगाच्या अगदी मधोमध, ताकानं माखलेल्या एका इवल्याशा हाताचा पांढरा ठसा उमटलेला होता.