कुंचीची नाडी

कपडे आपसांत बोलायचे, त्या काळातली गोष्ट. नव्या बाळाला आधी दुसऱ्या बाळाचं वापरलेलं घालायचं, म्हणून शेजारणीकडची जुनी कुंची घरात आली. कात्री तिला म्हणाली, "बाई, आता नियम झालाय. बाळाच्या गळ्याशी नाडी नको. फास बसतो."

कुंची दुखावली. "आळीतली निम्मी पोरं माझ्यात निजली. कुणाला काही झालं नाही."

कोपऱ्यातला खुळखुळा हळूच म्हणाला, "माझ्या शेजारची बाहुलीही हेच म्हणायची. मग एका बाळानं तिच्या डोळ्याचा मणी गिळला."

तेव्हा कुंचीनं स्वतःच नाडी कात्रीपुढे केली.

त्यानंतर ती बाळाच्या डोक्यावरून सारखी घसरायची. आणि दर वेळी ती नीट करायला आईचा हात यायचा.